पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ आणि बटूच्या खिशात कॉम्प्युटरची यादी

सदाशिवपेठी_आजी

नमस्कार. माझ्या नातवाची मे महिन्यात मुंज आहे. वय अकरा, जूनमध्ये सहावीत जाईल. तसा उशीरच झाला, पण आधी इमारतीचं रीडेव्हलपमेंट, मग सुनेची बदली, असं करत करत राहूनच गेलं. पत्रिका छापून आल्या आहेत आणि खाली ठळक अक्षरात ‘कृपया आहेर आणू नये’ असं आहे. मुलाचा आणि सुनेचा आग्रह होता, मलाही पटलं. भिंतीवरची घड्याळं आणि काचेचे बाऊल घेऊन जागा कोण अडवणार?

आता केळवणं चालू आहेत. आमचा बटू प्रत्येक केळवणाला खिशात एक कागद घेऊन जातो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. धायरीला सुनेच्या बहिणीकडे जेवणं झाली, औक्षण झालं, तिने सहज विचारलं, ‘काय हवं रे तुला?’ याने घडी उलगडून कागद तिच्या हातात दिला. त्याला कॉम्प्युटर हवा आहे. तोही आयता नाही, सुटे भाग आणून जोडलेला. आणि कोणी कोणता भाग द्यायचा हेही त्याने ठरवून ठेवलं आहे! कागद सध्या माझ्या ताब्यात आहे, जसाच्या तसा उतरवते:

मामा – प्रोसेसर आणि मदरबोर्ड (दोन्ही एकानेच घेणे)
ठाण्याचा काका – ग्राफिक कार्ड (नवीन गाडी घेतली)
आत्या – मॉनिटर २४ इंच
मावशी – फक्त माउस (बाळ लहान आहे)
आजी – रॅम १६ जीबी + एसएसडी (पेन्शन)
आई बाबा – काही नाही (टेबल आहे)

मावशी हसून हसून बेजार झाली. सून मात्र घरी येईपर्यंत गाडीत एक अक्षर बोलली नाही. तिचं म्हणणं, पत्रिकेत आहेर नको म्हणायचं आणि पोराने दारोदार मागत फिरायचं, लोकांना वाटेल आम्हीच शिकवून पाठवलंय. तिचंही चूक नाही. मामाने तर गुपचूप दिव्यांचा कीबोर्ड घेऊनसुद्धा टाकला, तो यादीत नसताना.

मी त्याला समोर बसवून विचारलं. तर म्हणाला, ‘आजी, मुंजीत मागायचंच असतं ना? ॐ भवति भिक्षां देहि. गुरुजींनीच पाठ करून घेतलंय.’ यावर मी काय बोलणार!

मी स्वतः बँकेत नोकरी केली. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली तेव्हा अर्धा स्टाफ त्यांच्याकडे पाठ करून बसला होता, मी शिकून घेतलं. त्यामुळे कॉम्प्युटर म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. मुलाला एखादी गोष्ट हवी असावी आणि तिचा त्याने इतका अभ्यास करावा, हे मला आवडलंय. खटकतंय ते कंसातलं. कोणाकडे किती पैसा आहे याचा हिशेब अकराव्या वर्षी मांडायचा, आणि तो कागदावर?

तर विचारायचं आहे ते हे. नातेवाइकांकडून असे भाग घ्यावेत का, की सगळ्यांना फोन करून विषय बंद करावा? आणि घ्यायचाच झाला तर असं सुटं सुटं गोळा करून कॉम्प्युटर होतो का? त्याच्या हिशेबाने सगळं मिळून लाखाच्या घरात जातंय. मला तो आकडा बरोबर वाटत नाही, पण खोडून काढण्याइतकं ज्ञानही नाही.

पर्वती_पायथा

आजी, एक शास्त्रार्थ. भिक्षावळीत मिळालेली भिक्षा बटूने गुरूच्या पुढ्यात नेऊन ठेवायची असते. म्हणजे ग्राफिक कार्डासकट सगळं गुरुजी घेऊन जाणार. हे नातवाला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

कर्वेनगरची_आई

मला नाही यात हसण्यासारखं वाटलं. सुनेच्या जागी मी असते तर मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि आमच्याकडे अशा गोष्टी वर्षानुवर्षं निघतात, ‘तुमच्या मुंजीत आम्ही मॉनिटर दिला होता’ म्हणून.

पण विषय बंद करायला तुम्ही फोन करू नका, आजी. त्यालाच करू द्या. ठाण्याच्या काकाला स्वतःच्या तोंडाने सांगू दे, ‘काका, मी तुमच्या नावापुढे ग्राफिक कार्ड लिहिलं होतं, ते आता राहू दे.’ गाडीचं काढायची गरज नाही. आणि मग काकाने आपणहून काही दिलं तर ते काका-पुतण्याचं, त्यात पत्रिका येत नाही.

मावशीला फक्त माउस, बाळ लहान आहे म्हणून. एवढं कळतं त्याला, तर हेही कळेल.

असेंबलवाला

पेठेतच कॉम्प्युटर जोडून देतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

पहिलं म्हणजे पोरगा हुशार आहे. ‘प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकानेच घेणे’ हे गिऱ्हाइकांना पटवताना माझा घसा बसतो. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची बोर्डावरची जागा, जुळलं नाही तर प्रोसेसर बोर्डावर बसतच नाही. एएमडी कंपनीचंच उदाहरण घ्या, एएम४ सॉकेटचा प्रोसेसर एएम५ च्या बोर्डावर चालत नाही. पण त्याने रॅम तुमच्या नावावर टाकली, तिथे घोळ होऊ शकतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत जातच नाही. मामाने तिकडे एक बोर्ड घेतला आणि तुम्ही इकडे दुसरी रॅम, तर कोणाचं तरी परत करायला जावं लागणार. शिवाय यादीत कॅबिनेट, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस नाहीच. एसएमपीएस कधीही फुकटात कॅबिनेटबरोबर येणारा घेऊ नका, तो गेला तर जाताना दुसऱ्याला घेऊन जातो. आणि यूपीएस हवाच. गुरुवारी महावितरण दुरुस्तीला लाईट घालवतं, पोराचं काम सेव्ह व्हायला पाच-दहा मिनिटं तरी मिळायला हवीत.

आणखी एक अडचण वॉरंटीची. भाग घेतल्या तारखेपासून वॉरंटी सुरू होते. आज घेतलेला मॉनिटर मुंजीपर्यंत खोक्यात पडून राहिला आणि मग कळलं की पडद्यावर रेघ आहे, तर दुकानदार लगेच बदलून देईलच असं नाही. पाच ठिकाणची पाच बिलं म्हणजे बिघाड झाल्यावर कोणता भाग गेलाय हे शोधायचं काम तुमचं. एकाच दुकानातून, एका बिलावर, एकाच दिवशी घ्या, आणि दुकानात चालू करून बघूनच घरी न्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ट्रेमधला देतात तो जरा स्वस्त पडतो, पण बिघडला तर तुम्ही आणि दुकानदार, मध्ये कंपनी नाही.

ग्राफिक कार्ड आत्ता नको. एएमडीचे ‘जी’ वाले प्रोसेसर येतात, रायझन ५ ५६००जी वगैरे, त्यांच्या पोटातच ग्राफिक असतं. माइनक्राफ्ट, स्क्रॅच, व्हिडिओ कापणं, शाळेचं सगळं त्यावर आरामात होतं. इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, ते बघा. ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक नसतं, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. कार्डाची खाच बोर्डावर असतेच, दोन वर्षांनी बसवता येईल, फक्त एसएमपीएस साडेपाचशे वॉटचा घेऊन ठेवा. सगळ्यात महाग एकटं कार्डच आहे, ते गेलं की लाखाचा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. रॅमचे भाव मात्र सध्या चढे आहेत, कोटेशन ताजंच घ्या.

जुनं_ते_सोनं

एवढा खटाटोप कशाला? हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतात, दणकट असतात. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज ११ ला साधारण तिथपासूनचेच प्रोसेसर चालतात, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. बॅटरी किती उरली आहे ते दुकानातच बघून घ्या. जुनाच मशीन पदरात पडला तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात.

पर्वती_पायथा

@जुनं_ते_सोनं, त्याला कॉम्प्युटर नकोय हो, तो *जोडायचा* आहे. लॅपटॉप दिलात तर तो उघडून बसेल.

सदाशिवपेठी_आजी

सगळ्यांचे आभार. पर्वतीकरांनी शेवटी लिहिलेलं अगदी खरं आहे. मी त्याला लॅपटॉपचं विचारलं, तर म्हणाला, ‘मग त्यात मी काय करणार?’ शाळेच्या प्रयोगासाठी तपकीर गल्लीत वायर आणि एलईडी आणायला जातो तेव्हा तासभर निघत नाही तिथून, तेव्हाच ओळखायला हवं होतं. गुरुजींना कॉम्प्युटर द्यायचा असतो हेही सांगून बघितलं. तो म्हणाला, ‘गुरुजींकडे लॅपटॉप आहे.’ आहे खरा, मुहूर्त त्यातच बघतात.

कर्वेनगरच्या बाईंचं ऐकलं. त्याला फोन करायला लावले. मी शेजारी बसले होते, पण काय बोलायचं ते सांगितलं नाही. मामाला आणि आत्याला सहज सांगून मोकळा झाला. काकाच्या वेळी फोन हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता नंबर बघत बसला. मग बोलला, आणि गाडीचंही बोलला! ‘तुमची गाडी नवी आहे म्हणून मी लिहिलं होतं, सॉरी.’ काका म्हणाला, ‘अरे, गाडीचे हप्ते चालू आहेत, तुझ्या बाबाला विचार.’ हप्ता म्हणजे काय, व्याज कसं धरतात, यावर मग आमची संध्याकाळ गेली. माझा जुना विषय, मी काही लवकर आवरत नाही.

सूनबाईंशी बोलून ठरलं ते असं. पत्रिकेतली ओळ तशीच राहील आणि कार्यालयात कोणाकडून काहीही घ्यायचं नाही, पाकीटही नाही. कॉम्प्युटर मुंजीचा नाहीच. तो जूनमध्ये, मुंजीचा गडबडगुंडा आवरल्यावर घ्यायचा. निम्मे पैसे मी आणि त्याचे आईबाबा घालणार. बाकीच्यांत ज्याला मनापासून द्यायचे असतील त्याने माझ्याकडे द्यायचे, कितीही, आणि कोणी किती दिले ते बटूला कळणार नाही. वही माझ्याकडे. सुनेची एकच अट आहे, कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, जाता-येता पडदा दिसेल असा. त्यावर थोडी रडारड झाली, पण अट कायम आहे. ग्राफिक कार्ड बाद. ते ऐकून तो म्हणाला, ‘खाच असते ना पण?’ म्हणजे धागा वाचलाय.

दिव्यांच्या कीबोर्डाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सून परत करा म्हणते. मला विचाराल तर राहू द्यावा, मामाने हौसेने आणलाय.

असेंबलवाले, दुकानात तो समोर बसून जोडेल आणि तुमच्यातलं कोणी नुसतं बघेल, असं करू देतात का? आणि बिल कोणाच्या नावावर करू? पैसे चार-पाच जणांचे असणार.

असेंबलवाला

देतात. शनिवारी नको, मधल्या वारी दुपारी न्या, दुकान रिकामं असतं. प्रोसेसर मात्र दुकानदाराच्या हातून बसवून घ्या, एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एक वाकली की संपलं. रॅम, एसएसडी, वायरी, स्क्रू त्याला लावू दे.

बिल तुमच्या एकट्याच्या नावावर करा. क्लेम करायला कोण जाणार हे ठरलेलं बरं. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा लगेच फोटो काढा. थर्मल कागदावर छापून दिलं असेल तर वर्षभरात अक्षरं उडतात.