मदत हवी आहे: बुडापेस्टच्या पार्लमेंटचा रात्रीचा फोटो पांढराफटक येतोय

घाईत_आहे: इमारत पांढरीफटक, कडा हललेल्या, वर आकाशात हिरवे ठिपके. ट्रायपॉड आहे. उद्याची एकच संध्याकाळ उरलीये, नेमकी सेटिंग सांगा.

खडूस_काका: कॅमेरा कुठला? लेन्स? उभे कुठे होतात, किती वाजता? का आम्ही पंचांग बघून सांगायचं?

घाईत_आहे: सोनी, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), १६-५० मिमी किट लेन्स. डॅन्यूब नदीच्या पलीकडे बुडा भागाच्या काठावर, बॉत्यानी चौकाजवळ. लेन्सचं छिद्र एफ/१६, शटर ३० सेकंद, रात्री दहाला.

निळाई: आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता?

घाईत_आहे: ऑटो. ८०० दिसतोय.

निळाई: मग बरोबर आहे. ती इमारत झगझगीत उजळलेली असते. एफ/८, आयएसओ १०० ला ४ सेकंदांच्या आसपास भागतं. तुमचं चार स्टॉप जास्त झालंय (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). आयएसओ १०० वर पक्का करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकला की शटरची वेळ निम्मी करा. २४ मिमीच्या आसपास अख्खी इमारत बसते.

भटक्या७२: त्यापेक्षा बुडाच्या टेकडीवरच्या मच्छीमार बुरुजावर जा ना! तिथून झकास दिसतं.

खडूस_काका: तिथून पाण्यातलं प्रतिबिंब कुठून आणणार? त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

तारांकित: एफ/१६ सोडू नका, दिव्यांना तारे त्यानेच येतात.

निळाई: क्रॉपवर एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो) दगडी नक्षी मऊ पडते. तारे हवेतच तर एफ/११, वेळ दुप्पट.

तारांकित: छापणार आहेत का भिंतीएवढा? मोबाइलवर कोण बघतंय नक्षी.

खडूस_काका: हलण्याचं कोणी बोलेना. त्या किट लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण नसतं, मेनूतून स्टेडीशॉट (सोनीचा स्टॅबिलायझर) बंद करा. २ सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. काठाने १९ आणि ४१ नंबरच्या ट्राम जातात. गेल्यावर मगच शटर. फोकस घुमटाच्या उजळ कडेवर, स्क्रीनवर चित्र मोठं करून, मग फोकस मॅन्युअलवर टाका.

घाईत_आहे: आणि हिरवे ठिपके??

निळाई: लेन्सपुढे यूव्ही फिल्टर असणार. ठिपके फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे, दिव्यांच्या बरोबर उलट बाजूला पडलेत का बघा. सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या काचेवर आपटून पुन्हा आत येतो. फिल्टर काढा, संपलं. घुमटाभोवती पांढऱ्या रेघा आल्या तर ते पक्षी. प्रकाशझोतात घिरट्या घालतात. कमी वेळेच्या दोनतीन फ्रेम घ्या. आणि दहाला कशाला, तेव्हा आकाश काळं ठिक्कर. महिना कुठला?

घाईत_आहे: ऑक्टोबरचा मध्य. फिल्टर आहे खरा.

निळाई: सूर्यास्त सहाच्या सुमारास. पावणेसहाला जागा धरा, दिवे लागले की साडेसहापर्यंत उरका. आकाश निळं असतं, दिव्यांशी फरक कमी, एकाच फ्रेममध्ये दोन्ही सांभाळता येतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, व्हाइट बॅलन्सचं रंगाचं तापमान ३४०० केल्विन धरा.

भटक्या७२: तिथून चेन ब्रिजला चालत जाता येतं का? आणि ड्रोन चालतो का?

खडूस_काका: चालत येतं. ड्रोनसाठी वेगळा धागा काढा.