गॅलरीत मोगऱ्याला नुसती पानंच, फुलं कशी येतील?

चाफेकळी_मुलुंड
नमस्कार मंडळी. मी मुलुंड पूर्वेला राहते, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी. ग्रिलमध्ये मोगरा, जास्वंद, शेवंती ठेवलीये. आधी दुपारी दोनपासून पार सूर्य मावळेपर्यंत ऊन यायचं पण समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आता तिथे टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे जेमतेम दोन-अडीच तास मिळतं. मोगरा हिरवागार आहे, लांबच लांब फांद्या टाकतोय पण मागच्या उन्हाळ्यात कळीच नाही. जास्वंदीला कळ्या येतात, जरा फुगल्या की पिवळ्या पडून गळतात. शेवंती डिसेंबरात दादरहून आणली तेव्हा गच्च फुललेली होती, ती फुलं सुकली ती सुकलीच. खत म्हणून नर्सरीवाल्याने दिलेला युरिया घालतेय. सासूबाईंना देवाला रोज घरचं फूल मिळावं असं फार वाटतं, प्लीज कोणीतरी सांगा.

माळीबुवा_पार्ले
ताई, युरिया आधी बंद करा. त्यात फक्त नत्र असतं, त्याने पानंच वाढणार. त्याऐवजी कुंडीत मूठभर शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा हाडांचा चुरा, महिन्यातून एकदा, पुरे.
आता मोगरा. जानेवारी संपत आलाय म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला, जुन्या फांदीवर वाट बघत बसून उपयोग नाही. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची शेती करतात, तिथली फुलं दादरला येतात, ते लोक आधी पाण्याचा ताण देतात आणि मग छाटणी करतात. तुम्ही पण काही दिवस पाणी अगदी कमी करा, थोडी पानं मलूल झाली तरी घाबरू नका (झाड वाळेपर्यंत मात्र ताणू नका), मग सगळ्या फांद्या निम्म्याने कापा, उरलेली पानं हाताने खुडून टाका, वरची माती उकरून खत घाला आणि भरपूर पाणी द्या. बोडकं झाड बघून घरातले ओरडतील, ओरडू देत. नवी फूट निघाली की तिच्या टोकाला बघत राहा, मार्चमध्ये तिथेच कळ्यांचे झुबके दिसायला हवेत.
जास्वंदीची गळलेली कळी नखाने उघडून बघा आणि आत काय दिसतं ते इथे लिहा, त्यावर उपाय ठरेल.

तगर_आणि_अबोली
माळीबुवा छाटणीचं बरोबर बोलले पण मला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते, मोगऱ्याला पाच-सहा तास कडक ऊन लागतं. अडीच तासांत छाटणी करूनही चार-दोन फुलं येतील, ओंजळभर नाही येणार. सोसायटीने परवानगी दिली तर मोगरा आणि जास्वंद गच्चीवर न्या. आपल्याकडे लोक आधी रोप आणतात आणि मग त्याला जागा शोधतात, खरं तर गॅलरीत ऊन कुठे आणि किती वेळ पडतं ते बघून रोप आणायला हवं.
तुमच्या गॅलरीसाठी माझं मत विचाराल तर तगर आणि अबोली. दोघांना कमी उन्हात चालतं, मुंबईच्या दमट हवेत मजेत राहतात आणि तगरीला जवळजवळ वर्षभर पांढरी फुलं असतात, सासूबाईंची पूजा तिच्यावरच होईल. अनंत पण लावता येईल पण तो जरा नाजूक, कळ्या फार टाकतो.
शेवंतीबद्दल. तिला कळी धरायला मोठी रात्र लागते, म्हणून ती थंडीत फुलते. गॅलरीतली ट्यूबलाइट किंवा हॉलचा उजेड रात्री उशिरापर्यंत तिच्यावर पडत असेल तर तिच्यासाठी रात्र होतच नाही. आत्ता ती बुडापासून चार बोटं ठेवून कापा, फुटवे येतील, ते पावसाळ्यात जपा, जुलैपर्यंत शेंडे खुडत राहा म्हणजे झाड डेरेदार होईल, आणि गणपतीनंतर संध्याकाळी अंधार पडेल अशा कोपऱ्यात सरकवा. तिला पण ऊन लागतं हे लक्षात ठेवा, दिवसा पुढे आणि रात्री अंधारात असं करावं लागेल.

ग्रिलगार्डन_विक्रोळी
वर सगळं आलंय, मी दोनच गोष्टी जोडतो. नुसती लाल माती भरली असेल तर ती दगडासारखी घट्ट होते आणि पावसात पाणी तुंबून मुळं कुजतात. थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत मिसळा, कुंडी हलकी पण होते, ग्रिलवर वजन हा गंमतीचा विषय नाही, खाली माणसं चालतात. दुसरं म्हणजे कुंडीखालच्या ताटल्या. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आठवडाभरात अळीचा डास होतो, तेव्हा पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा.
आणि राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन साधारण याच दिवसांत असतं, जाऊन या, एकाच जागी इतक्या जाती बघायला मिळतात.

चाफेकळी_मुलुंड
सगळ्यांचे खूप खूप आभार!! माळीबुवा, कळी उघडली, आत बारीक पांढरट अळ्या वळवळतायत, मोहरीपेक्षा लहान. नीम ऑइल मारू का?

माळीबुवा_पार्ले
अळी कळीच्या आत आहे, वरून मारलेलं नीम ऑइल तिथे पोचत नाही. ही अळी कळीबरोबर खाली पडते, मातीत जाऊन कोष करते आणि त्यातून माशी निघून परत नव्या कळ्यांत अंडी घालते. तेव्हा रोज सकाळी गळलेल्या आणि पिवळ्या पडायला लागलेल्या सगळ्या कळ्या वेचा, पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टात अजिबात नको. वरची दोन बोटं माती काढून नवी घाला. नीम ऑइल मारायचंच तर लिटरला ५ मिली, दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून, ऊन गेल्यावर, पण ते पानांमागच्या मिलीबगसाठी (पांढरी, कापसासारखी कीड). कळ्या वेचणं महिनाभर तरी चुकवू नका.

चाफेकळी_मुलुंड
आजपासूनच सुरू करते. गच्चीसाठी सेक्रेटरींना पत्र लिहिलंय, तगर कुठे चांगली मिळेल, मुलुंड-भांडुपकडे कोणाला नर्सरी माहीत आहे का?