ॲप बनवण्यापेक्षा ते चालतं ठेवणं अवघड

धंद्यासाठी, म्हणजे समजा ऑर्डर घेण्यासाठी ॲप हवं असलं की "वेबसाइट आहेच, तिलाच ॲपमध्ये गुंडाळलं की झालं" असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ॲपल असं ॲप सरळ नाकारू शकतं. नुसती वेबसाइट दाखवण्यापलीकडे ॲपने काहीतरी करायला हवं, हा त्यांचा नियमच आहे. स्टोअरवर चढलं तरी खर्च थांबत नाही. ॲपलची वर्षाला ९९ डॉलर फी (गूगलची एकदाच २५) ही त्यातली किरकोळ बाब. गूगल दरवर्षी अट पुढे सरकवतं: ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप किंवा अपडेट अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी तयार केलेलं असावं, अशी अट आली. म्हणजे बारीकशी चूक सुधारायची तरी आधी ते काम उरकावं लागतं.

खरी कसोटी मात्र नेटवर्कची. वितरकाचा सेल्समन दुकानात उभा राहून ऑर्डर टाकतो, रेंज जाते, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा बटण दाबतो. पहिली ऑर्डर सर्व्हरला पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. झालं, २० पेट्यांच्या ४०! उपाय आहे: ऑर्डर आधी फोनमध्येच साठवायची, तिथेच तिला स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करायची नाही. हे नंतर जोडायला गेलं की अर्धं ॲप उसवावं लागतं, म्हणून ॲप बनवणाऱ्याला काम देतानाच हे लिहून घ्या. आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. सेल्समनच्याच स्वस्त फोनवर, त्याच्या रोजच्या रूटवर करा.