मदत हवी आहे : वयस्कर वडिलांना केएमटीने (कोल्हापूरच्या शहर बसने) खासबाग मैदान दाखवायचे आहे

नमस्कार कोल्हापूरकर मंडळी,

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते तीन वर्षे गंगावेश तालमीत होते आणि खासबागेतल्या कुस्त्यांबद्दल आजही तासन्‌तास बोलतात. ते मैदान पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. पुढील महिन्यात आम्ही कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापुरात उतरू आणि त्याच रात्री परत निघू.

रिक्षा करा, असे आपण सुचवाल. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रिक्षात पाय दुमडून बसण्यापेक्षा दांडी धरून बसची पायरी चढणे त्यांना सोपे जाते. स्थानकापासून मैदान दोन-अडीच किलोमीटरच असले, तरी तेवढे चालणे त्यांना झेपणार नाही. मिरजकर तिकटीला उतरणे सोयीचे, असे मला वाटते. तिकडे जाणारी केएमटी रेल्वे स्थानकासमोरूनच मिळते की त्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकाकडे जावे लागते? थांब्यापासून मैदानाच्या दारापर्यंत वाटेत पायऱ्या किंवा मोठा चढ आहे का?

खरी अडचण मात्र मैदानाच्या रचनेची आहे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खुले केलेले हे मैदान मध्यभागी खोल असून, कोठेही बसले तरी हौदा (कुस्तीचा आखाडा) दिसावा म्हणून प्रेक्षकांची जागा चहूबाजूंनी चढत नेलेली आहे. त्यामुळे वरच्या कडेला उभे राहूनही वडिलांना सगळे दिसेल. पण त्यांना हौद्यातल्या तांबड्या मातीला हात लावायचा आहे. (ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून ती माती कशी तयार करीत, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून पाठ आहे.) खाली उतरण्यासाठी सर्वांत कमी पायऱ्यांची वाट कोणत्या बाजूने आहे, आणि कुस्त्या नसलेल्या दिवशी फाटक उघडे असते की आधी कोणाची परवानगी घ्यावी लागते?

शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली होती. तेथील कामामुळे मैदानाकडे जाणारा एखादा रस्ता किंवा दार सध्या बंद असल्यास तेही कृपया कळवावे.

मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून आम्ही बुधवार निवडला आहे. उन्हाआधी मैदान पाहून नंतर देवळात जावे, असा माझा विचार आहे. वडिलांच्या मते देवीला न भेटता मैदानात पाय ठेवणे बरे नव्हे. या वादात आपण पडू नये. फक्त देवळाकडून मैदानाकडे येताना मध्ये टेकायला जागा असलेला रस्ता कोणता, तेवढे सांगावे.