मागास तालुक्यातल्या कारखान्याला अनुदान कशावर द्यावं? विक्रीवर, विजेवर की हजेरीवर?

धागाकर्ता:
महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना, म्हणजे मागास भागात कारखाने यावेत म्हणून दिलेल्या सवलती, १९६४ पासून चालू आहे. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी करायची आणि जितका तालुका मागे तितकी सवलत जास्त, हे तिचं सूत्र. त्यातला मोठा भाग राज्य जीएसटीच्या परताव्याचा. २०१९ च्या योजनेत हा परतावा राज्यातल्या पहिल्या विक्रीवर मोजला जातो आणि विदर्भ-मराठवाडा नेमका तिथेच मार खातो. यवतमाळच्या जिनिंगने कापसाच्या गाठी कोइमतूरला पाठवल्या की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, राज्य जीएसटी नाही; परतावा शून्य. लातूरच्या डाळमिलने ५० किलोच्या पोत्यात डाळ विकली तर जीएसटीच नाही, मग परत काय मिळणार?

वीज सवलतही चुकीच्या ठिकाणी जाते: जो जास्त वीज जाळतो त्याला जास्त. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन पोलाद वितळवायला सुमारे ६०० युनिट लागतात. महिन्याला १०,००० टन म्हणजे ६० लाख युनिट. युनिटमागे रुपयाभर सवलत धरली तरी महिन्याला ६० लाख रुपये. आता १०० शिलाई मशीनचा कपड्यांचा कारखाना घ्या. मशीनमागे ०.४ किलोवॅट, ८ तास, २६ दिवस: इस्त्री-बॉयलर सोडून ८,३२० युनिट, म्हणजे ८,३२० रुपये. तिथे शंभराहून जास्त माणसं कामाला असतात, बहुतेक बायका. हाच पैसा भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) नोंदीत दिसणाऱ्या कामगारांच्या हजेरीवर द्या.

बुटीबोरीकर:
अजिबात पटलं नाही. परताव्याचा मोठा गुण तुम्ही सोडून दिलात: माल विकला तरच पैसा. भांडवली अनुदान (इमारत-यंत्रांच्या खर्चावरचं) आगाऊ दिलं की शेड उभी राहते, जुनी यंत्रं रंगवून नव्या बिलावर दाखवली जातात आणि दोन वर्षांत कुलूप लागतं. परताव्यात सरकार त्याच कारखान्याने भरलेल्या करातून देतं.

शिवाय मोठा कारखाना आल्याशिवाय लहान येत नाहीत. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटो आली आणि मग सुट्या भागांचे कारखाने तिच्याभोवती उभे राहिले.

धागाकर्ता:
वाळूजचं उदाहरण बरोबर, पण दुचाकीला शेकडो भाग बाहेरून लागतात, म्हणून ते घडलं. फर्नेसला लागते भंगार आणि वीज. सळई निघते ती थेट बांधकामावर जाते. तिच्याभोवती वाहतूक वाढते, पुरवठादारांची साखळी उभी राहत नाही. आणि मी आगाऊ भांडवली अनुदान मागतच नाहीये. हजेरीचा पैसाही कारखाना चालला तरच मिळेल.

कर सल्लागार, अमरावती:
हजेरीवर द्यायचं तर आधी कंत्राटदाराचं काय ते ठरवा. शॉप फ्लोअरवरची बरीच माणसं कंत्राटदाराच्या पीएफ कोडवर (नोंदणी क्रमांकावर) असतात. त्याच्या ईसीआरमध्ये (दरमहा भरायच्या पीएफच्या विवरणपत्रात) कोणता कामगार कोणत्या कारखान्यात होता ते दिसत नाही. एकाच माणसावर दोन ठिकाणी दावा होईल. जिनिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन उन्हाळ्याआधी थांबतं, त्यामुळे नुसती डोकी मोजलीत तर हंगामी उद्योगाचा हिशोब चुकणारच.

धागाकर्ता:
डोकी नकोत, दिवस मोजा. ईसीआरमध्ये बिनपगारी दिवसांचा रकाना आहेच. आणि फक्त कारखान्याच्या स्वतःच्या कोडवरची माणसं धरा. मग कामगार स्वतःच्या पटावर घेण्यात मालकाचाही फायदा राहील.

यंत्रणा नव्याने उभारायला नको. केंद्राची विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून मालकाला दर नव्या कामगारामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत देते, उत्पादन क्षेत्रात ४ वर्षं. अट अशी की ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान २ नवे घ्यायचे, नाहीतर ५, आणि ते ६ महिने टिकले पाहिजेत. पण तिचा दर चाकणला आणि गडचिरोलीला एकच. राज्याने फक्त ड+ आणि उद्योगविरहित जिल्ह्यांत वरची भर घालावी.

बुटीबोरीकर:
भर घाला, हरकत नाही. पण ज्यांच्या हातात या योजनेचं पात्रता प्रमाणपत्र आधीच आहे त्यांच्या परताव्याला हात लावू नका. त्या रकमा धरूनच त्यांनी कर्जं उचलली आहेत. नवा नियम नव्या कारखान्यांनाच लावा.

कर सल्लागार, अमरावती:
हे मान्य. मात्र दोन्ही पद्धतींत खरी अडचण पैसे हातात पडण्याची आहे. दावा मंजूर होतो आणि अर्थसंकल्पातल्या तरतुदीची वाट पाहत पडून राहतो. बँक ती येणी खेळत्या भांडवलात धरत नाही. मोठा उद्योग तेवढा काळ तग धरतो, ४० माणसांचा कारखाना पगाराला अडतो. म्हणून हजेरीची रक्कम तिमाहीला थेट कर्जखात्यात जमा व्हावी आणि उशीर झाला तर सरकारने त्यावर व्याज द्यावं, ही अट योजनेच्या शासन निर्णयातच हवी.