मदत हवी आहे : पुरात बुडालेल्या स्कूटरची बॅटरी सारखी उतरते, हेडलाइटचे बल्ब उडतात, फ्यूज जातो

मंडळी, गाडीच्या वायरिंगमधलं कोणी जाणकार असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, थोडं लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठे अडलंय ते कळणार नाही.

गाडी आईची आहे, 110 सीसी, 2018 चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली. आम्ही चिपळूणचे. जुलै 2021 च्या पुरात ही गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन खोलून साफ केलं, ऑइल बदललं आणि इंजिन आजही एक नंबर आहे, थंडीतसुद्धा किकवर लगेच उचलतं. त्रास आहे तो करंटचा. एक दुरुस्त केलं की दुसरं निघतं आणि दोन-तीन महिन्यांनी पहिलं पुन्हा सुरू होतं.

होतं असं की तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर फक्त रिलेचा (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) टक् टक् आवाज येतो, हॉर्न घोगरा वाजतो, मग किक मारायची. आईचा गुडघा दुखतो, तिला किक मारवत नाही, आणि तिचं काम अंगणवाडीचं, म्हणजे रोज वाड्यावाड्यांवर जायचंच. बॅटरी बदलली, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिन फिरल्यावर करंट तयार करणाऱ्या कॉइलकडून येणारा करंट बॅटरीजोगा करून देणारा भाग) बदललं (लोकल टाकलं होतं, ओरिजनल तेव्हा मिळालं नाही), सेल्फ रिलेही बदलला. प्रत्येक गॅरेजवाला काहीतरी नवीन पार्ट टाकतो पण मीटर लावून कोणीच बघत नाही, याचा मला खरंच राग येतो. शेवटी मीच मल्टिमीटर घेतला.

रीडिंग देतो. सकाळी गाडी चालू न करता बॅटरीवर 12.1 व्होल्ट, आयडलिंगला 12.9, आणि रेस दिली की 15.3 पर्यंत जातंय. माझ्या माहितीप्रमाणे ते 14 ते 14.5 च्या आसपास थांबायला हवं, एवढ्याने सीलबंद बॅटरीची वाट लागणारच ना? चावी बंद ठेवून बॅटरीची मायनस वायर काढून मध्ये मीटर लावला तर 40 मिलीअँपिअर करंट जातोय. बॅटरी 4 एएच (अँपिअर-अवर) आहे, म्हणजे हिशोबाने 100 तासांत ती रिकामी, साधारण चार दिवस! आरआरचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) उपसला की हा आकडा जवळजवळ शून्यावर येतो.

तो कपलर नीट बघितला तर आतलं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलंय, एक पिन काळी आहे आणि बाकीच्यांवर हिरवट पावडर, कोपऱ्यात अजून पुराचा बारीक गाळ आहे. हिरव्या अर्थ वायरचं इन्शुलेशन बोटभर सोलून पाहिलं तर आतली तांब्याची तार काळी, अजून पुढे सोललं तरी काळीच. हेडलाइट चालू ठेवून त्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.6 व्होल्ट दाखवतंय, ते शून्याजवळ यायला हवं. म्हणून पिनवरून थेट मायनसला एक तात्पुरती वायर जोडली, तेव्हा हेडलाइटचं फडफडणं थांबलं (आमच्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, कॉइलवरून आरआरमार्गे येतो, रेस दिली की वाढतो), पण चार्जिंगचा आकडा काही 15 च्या खाली येईना.

दुसरं म्हणजे फ्यूज. हँडल पूर्ण डावीकडे वळवून ब्रेक दाबला की कधीकधी 10 अँपिअरचा फ्यूज उडतो, पावसात जास्त. एका मेकॅनिकने 20 चा टाकून देतो म्हणाला, मी नको म्हटलं, फ्यूज टिकेल पण वायर जळेल आणि तीही पेट्रोलच्या टाकीजवळ.

आता विचारायचंय ते असं. आरआर आतून लीक आहे की कपलरमधल्या गाळाने ओल धरून पिनमधून पिनला करंट जात असेल, हे दुसरं आरआर विकत न आणता वेगळं कसं ओळखायचं? 15.3 ला लोकल आरआरच जबाबदार धरायचं का आधी कॉइल प्लेटचा एसी व्होल्टेज मोजू? फ्यूजसाठी समोरचं पॅनल काढून हँडलच्या खाली वळणाऱ्या वायरी बघायचा विचार आहे, तिथे घासली जाणारी ब्रेक स्विचची वायर नेमकी कोणत्या जागी असते?

आणि मुख्य प्रश्न, पुराचं पाणी प्यायलेली वायरिंग तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होते का, की अख्खा हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा जुडगा) बदलूनच टाकावा? ज्यांनी पुरातली गाडी पुन्हा उभी केलीय त्यांनी नक्की लिहा. हार्नेस बदलला असेल तर ओरिजनल घेतला की लोकल, आणि मजुरीसकट किती खर्च आला तेही सांगा. पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी हे काम उरकायचंय. कपलरचे आणि मीटरचे फोटो हवे असतील तर आज रात्री टाकतो.