मदत हवी आहे: कोल्हापूर (उजळाईवाडी) ते बेळगाव (सांबरा) विमानतळ, खरा वेळ किती लागतो?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात गडहिंग्लजला भाचीचं लग्न आहे. आदल्या दिवशी मामा-मामी हैदराबादहून दुपारी उजळाईवाडीला उतरतील. धाकटा भाऊ दिल्लीहून सांबऱ्याला येतोय, त्यांच्यानंतर साधारण चार तासांनी. आणायला गाडी एकच, चालवणारा मीच. मामांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना फार वेळ गाडीत बसवायचं नाही.

नकाशावर अंतर ११०-११५ किमी आणि वेळ दोन तास दिसतो. पण तो नकाशा तवंदी घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागे कधी अडकलेला नसतो! दोघांनाही एकाच फेरीत घेता येईल का? मी पुण्याचा, निपाणीच्या पुढचा रस्ता फारसा माहीत नाही.

हिरण्यकेशी:
दोन्ही विमानतळांमधलं अंतर मोजूच नका. गडहिंग्लज मध्येच पडतं, हे तुमच्या पथ्यावर आहे. उजळाईवाडी-कागल-निपाणी-संकेश्वर, तिथून हायवे सोडून गडहिंग्लज, असं दीड तासात होतं. मामा-मामींना घरी सोडा, चहा घ्या आणि परत संकेश्वरवरून बेळगाव गाठा. त्यांना सांबऱ्यापर्यंत फिरवायची काय गरज?

एक लक्षात ठेवा. उजळाईवाडी हायवेला लागूनच आहे, सांबरा तसं नाही. ते बेळगावच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर. संध्याकाळी शहराच्या गर्दीतून तिकडे निघायला वेळ जातो. नकाशाच्या दोन तासांत अर्धा-पाऊण तास वाढवूनच धरा. हंगामात तर धराच, संकेश्वरला साखर कारखाना आहे आणि ट्रॉल्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही.

तांबडापांढरा:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण हैदराबादचं विमान तासभर लेट झालं की सगळं कोलमडलं. भाऊ तरणाताठा आहे ना? मग त्याला न्यायला जाताय कशाला? सांबऱ्याहून रिक्षा-टॅक्सीने बेळगावच्या बसस्टँडवर यायचं आणि कोल्हापूरकडे जाणारी, संकेश्वरला थांबणारी बस धरायची. महाराष्ट्राची असो वा कर्नाटकाची, संकेश्वरला उतरता येतं. तिथून तुम्ही उचला. सामान जास्त असेल तर त्याने बेळगावातूनच टॅक्सी करावी. दारात सोडायचंय तर गाडीला महाराष्ट्राचं परमिट आहे का, ते आधी विचारावं.

आणि लग्न डिसेंबरात म्हणताय म्हणून सांगतो. बेळगावात तेव्हा कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, सोबत सीमाभागातल्या आपल्या मराठी लोकांचा मेळावाही. अशा दिवसांत राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस गाड्या तपासतात. सीमाभागात वातावरण तापलं की एसटी बंद ठेवतात, २०२२ च्या डिसेंबरातही असं झालं होतं. तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर बसच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. लग्न नेमकं अधिवेशनाच्याच सुमारास येतंय, म्हणून बस नको. मामा-मामींना मी आणतो, भावासाठी बेळगावची टॅक्सी. आता एवढंच सांगा, सांबऱ्याच्या दारात उतरल्या उतरल्या टॅक्सी मिळते, की आधीच ठरवून ठेवायला हवी? आणि गडहिंग्लजपर्यंत काय भाडं घेतात हल्ली?